स्पर्धकच परीक्षक झाला तर

१९९४ साली अमेरिकेत ‘हूप ड्रीम्स’ नावाचा माहितीपट आला. शिकागोतली विल्यम गेट्स आणि आर्थर एजी ही दोन मुलं बास्केटबॉलच्या जोरावर गरिबीतून वर यायला धडपडत होती. दिग्दर्शक स्टीव्ह जेम्स आणि त्याचे सहकारी जवळजवळ पाच वर्षं कॅमेरा घेऊन त्यांच्या मागे राहिले. पावणेतीन तासांच्या या माहितीपटाने सनडान्स महोत्सवात प्रेक्षकांचं पारितोषिक मिळवलं, समीक्षकांनी त्याला डोक्यावर घेतलं. ऑस्करची नामांकनं जाहीर झाली तेव्हा मात्र माहितीपटांच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. एवढी ओरड झाली, की अकादमीचे कार्यकारी संचालक ब्रूस डेव्हिस यांनी एरवी कधीच न उघडले जाणारे आकडे हिशेबनिसांकडून मागवून घेतले. त्यांतून जे बाहेर आलं ते असं. ज्या माहितीपटाला सर्वांत जास्त मतदारांनी दहापैकी दहा गुण दिले होते, तोच पहिल्या पाचांत आला नव्हता. मोजक्या काही मतदारांनी आपल्या आवडीच्या पाच माहितीपटांना दहा गुण दिले होते आणि बाकी सगळ्यांना शून्य. तेवढ्या शून्यांनी तो सहाव्या जागी ढकलला गेला.

या प्रकरणात कुणी मतपेटी पळवली नव्हती की मोजणीत घोळ केला नव्हता. जे झालं ते नियमात बसवूनच झालं. गुणांची बेरीज करायची, मतदारांच्या संख्येने भागायचं आणि सरासरी काढायची, हा आपल्याला इतका सवयीचा हिशेब आहे, की त्यात काही अन्याय असेल अशी शंकाही येत नाही. म्हणून जरा आकडे मांडून बघू. समजा वीस परीक्षक आहेत. पहिल्या कलाकृतीला सतरा जण ९ गुण देतात आणि तिघे शून्य देतात. बेरीज १५३, सरासरी ७.६५. दुसऱ्या कलाकृतीला वीसही जण ८ देतात. सरासरी ८. सतरा जणांना पहिली कलाकृती जास्त आवडली असूनही ती हरते. त्या तिघांनी प्रामाणिकपणे ८ दिले असते, तर तिची सरासरी ८.८५ झाली असती. म्हणजे तीन शून्यांनी चोवीस गुण खाल्ले. बाकीच्या सतरा जणांनी ९ च्या जागी १० दिले तरी सतराच गुण भरून निघतात. ज्याला आवडलंय त्याच्या हातात एक गुण वाढवण्याची ताकद, आणि ज्याला पाडायचंय त्याच्या हातात आठ गुण कापण्याची. सरासरीत ही विषमता मुळातच आहे.

फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने हे १९०७ मध्येच ओळखलं होतं. प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचं वजन, तो कापून साफ केल्यावर किती भरेल, हे ओळखण्याची पैज लागली होती. त्यातल्या ७८७ चिठ्ठ्या गॉल्टनने मिळवल्या आणि चढत्या क्रमाने लावल्या. मधोमध आलेला अंदाज होता १,२०७ पौंड, आणि खरं वजन निघालं १,१९८ पौंड. गर्दीच्या शहाणपणाचं उदाहरण म्हणून ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. पण गॉल्टनचा रोख दुसरीकडे होता. अनेकांच्या मतांतून एक आकडा काढायचा असेल तर सरासरी नको, मधला आकडा घ्या, असं त्याचं म्हणणं. सरासरी घेतली, की जो माणूस जितकं टोकाचं बोलेल तितकं त्याचं वजन वाढतं. मधल्या आकड्यात, ज्याला संख्याशास्त्रात मध्यक म्हणतात, शून्य देणारा आणि सात देणारा हे दोघेही केवळ ‘खालच्या बाजूचे’ ठरतात. वरच्या उदाहरणात पहिल्या कलाकृतीचा मध्यक ९ येतो, दुसरीचा ८. त्या तिघांचा डाव फसतो.

अर्थात मध्यक हा सगळ्या दुखण्यांवरचा उतारा नव्हे. परीक्षक तीनच असतील तर मधला आकडा म्हणजे कुठल्या तरी एका माणसाचा आकडा. शिवाय बरोबरी फार होते. आणि आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धांत परीक्षक तीनच असतात.

एकांकिका स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलापाशी बसण्याची वेळ माझ्यावर बरेचदा आली आहे. समोर गुणतक्ता असतो. संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत असे रकाने. रात्री शेवटचा पडदा पडला की आयोजकांपैकी कुणी तरी तिघांचे तक्ते घेऊन बेरीज मारतो. त्या वेळी एक गोष्ट नेहमी दिसते. एक परीक्षक शंभरापैकी ५० ते ९० या पट्ट्यात गुण देतो, आणि दुसरे दोघे सगळ्यांना ६५ ते ७२ च्या आतच ठेवतात. समजा पहिल्याने ‘अ’ एकांकिकेला ९० आणि ‘ब’ला ५० दिले, आणि इतर दोघांनी ‘अ’ला ६६ आणि ‘ब’ला ७० दिले. बेरीज ‘अ’ची २२२, ‘ब’ची १९०. तिघांपैकी दोघांच्या मते ‘ब’ सरस, तरी करंडक ‘अ’ला. हात राखून गुण देणाऱ्याचं मत हात मोकळा सोडणाऱ्याच्या मताखाली दबून जातं, आणि यात लबाडीचा लवलेशही नसतो. प्रत्येक परीक्षकाचे गुण आधी क्रमांकात बदलून घेतले आणि मग क्रमांकांची बेरीज केली, तर हा दोष पुष्कळ कमी होतो. दहा मिनिटांचं काम आहे. तरीही बहुतेक ठिकाणी सरळ बेरीजच मारली जाते, कारण आजवर तसंच होत आलंय.

दुसरा प्रचलित उपाय म्हणजे सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण काढून टाकायचे आणि उरलेल्यांची सरासरी घ्यायची. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगच्या परीक्षणावरून मोठं प्रकरण झालं, जुनी सहा गुणांची पद्धत मोडीत निघाली, आणि नव्या पद्धतीत अशी दोन्ही टोकं छाटण्याची सोय केली गेली. याने एकटा लबाड परीक्षक निष्प्रभ होतो. दोघांनी संगनमत केलं तर मात्र एकच छाटला जातो आणि दुसरा शिल्लक राहतो.

आणि इथे मला सगळ्यात अवघड वाटणारा प्रश्न येतो. टोकाचा प्रत्येक गुण लबाडीचाच असतो का? २०१५ मध्ये वॉर्साच्या शोपँ पियानो स्पर्धेच्या अंतिम फेरीत कोरियाच्या सोंगजिन चो याला बहुतेक परीक्षकांनी नऊच्या आसपास गुण दिले आणि एका ज्येष्ठ परीक्षकाने दहापैकी एक. चो तरीही पहिला आला. स्पर्धेने सतराही परीक्षकांचे गुण नावानिशी प्रसिद्ध केले, म्हणून हे जगाला कळलं. याच स्पर्धेत १९८० साली उलट घडलं होतं. युगोस्लाव्हियाचा इव्हो पोगोरेलिच परीक्षकांना असा काही दुभंगून गेला, की काहींना तो असामान्य वाटला आणि काहींना शोपँची विटंबना. बेरजेत तो अंतिम फेरीआधीच बाद झाला. पियानोवादक मार्था आर्गेरिच यांनी निषेध म्हणून परीक्षकपद सोडलं. तेव्हा जिंकला व्हिएतनामचा डांग थाय सोन, आणि तो थोर वादकच आहे, त्याच्यावर अन्याय नको. पण जी कला लोकांना दोन गटांत विभागते, तिला सरासरीही न्याय देत नाही आणि टोकं छाटणंही देत नाही. खोटं शून्य आणि खरं शून्य कागदावर सारखंच दिसतं. गुणपद्धत निवडताना आपण नुसता न्याय निवडत नसतो, कोणत्या प्रकारची कला वर यावी हेही नकळत ठरवत असतो.

आतापर्यंतचे परीक्षक निदान बाहेरचे तरी होते. मत देणारा स्वतःच स्पर्धेत उतरलेला असेल तर काय होतं? छायाचित्रकारांच्या मंडळात सदस्य एकमेकांच्या चित्रांना गुण देतात. कवींच्या गटात चारोळी स्पर्धा होते आणि सहभागी कवीच मतदान करतात. यात पैसा वाचतो, परीक्षक शोधावे लागत नाहीत, आणि दुसऱ्याचं काम बारकाईने बघण्याची सवय लागते. ही शेवटची गोष्ट मी फार मोलाची मानतो. पण दुसऱ्याला दिलेला प्रत्येक गुण आपल्या विरुद्ध जातो, हेही तितकंच खरं.

२०१६ मध्ये स्टेफानो बालिएत्ती, रॉबर्ट गोल्डस्टोन आणि डिर्क हेल्बिंग या संशोधकांनी नेमकं हेच प्रयोगशाळेत करून पाहिलं. सहभागी लोक संगणकावर चित्रं तयार करायचे, ती तीन काल्पनिक प्रदर्शनांपैकी एकात पाठवायचे आणि एकमेकांच्या चित्रांना गुण द्यायचे. काही गटांत स्पर्धा तीव्र ठेवली होती, म्हणजे एकाची निवड झाली की दुसऱ्याचा लाभ घटायचा. काहींत तशी चुरस नव्हती. चुरशीच्या गटांत चित्रं जास्त नवी, जास्त वेगवेगळी निघाली. पण त्याच गटांत परीक्षण जास्त अन्याय्य झालं, आणि परीक्षकांचं आपसांत जुळेनासं झालं. आपल्याच प्रदर्शनात चित्र पाठवणाऱ्याला, म्हणजे थेट प्रतिस्पर्ध्याला, गुण कमी पडू लागले. स्पर्धेने निर्मितीत नावीन्य आणलं आणि न्याय बिघडवला. दोन्ही एकाच वेळी.

स्पर्धकांनीच एकमेकांना गुण द्यायचे, हा प्रयोग जगात सगळ्यात मोठ्या प्रमाणावर युरोपात चालू आहे. त्याचं नाव युरोव्हिजन गीतस्पर्धा. प्रत्येक देश एक गाणं पाठवतो आणि प्रत्येक देश इतरांच्या गाण्यांना गुण देतो. १९५६ साली स्वित्झर्लंडमधल्या लुगानो गावात पहिली स्पर्धा झाली तेव्हा सात देश होते, प्रत्येकाची दोन गाणी आणि दोन परीक्षक. मतदान गुप्त होतं आणि स्वतःच्या देशाला मत द्यायलाही मुभा होती. यजमान स्वित्झर्लंड जिंकलं. कुणाला किती गुण पडले हे कधीच जाहीर झालं नाही. पुढच्याच वर्षी दोन गोष्टी बदलल्या. स्वतःला मत द्यायचं नाही, आणि मोजणी सर्वांच्या डोळ्यांसमोर करायची. हे दोन नियम आजतागायत टिकून आहेत, बाकी जवळपास सगळं बदललं.

१९६९ मध्ये माद्रिदला स्पेन, ब्रिटन, नेदरलँड्स आणि फ्रान्स हे चारही देश १८ गुणांवर येऊन थांबले. बरोबरी झाली तर काय करायचं, हे नियमात लिहिलेलंच नव्हतं. चौघांनाही विजेते घोषित करावं लागलं, आणि पुढच्या वर्षी काही देश स्पर्धेकडे फिरकलेच नाहीत. १९७५ पासून आजची प्रसिद्ध पद्धत आली. प्रत्येक देशाने आपल्या पसंतीच्या दहा गाण्यांना १२, १०, आणि मग ८ पासून १ पर्यंत गुण द्यायचे. ही पद्धत वरवर साधी दिसते, पण वर सांगितलेले दोन्ही दोष ती एकदम टाळते. कुणी हात राखून किंवा सैल सोडून गुण देऊ शकत नाही, कारण सगळ्यांच्या हातात तेच दहा आकडे. आणि कुणी कुणाला शून्य ‘देऊन’ बुडवू शकत नाही. जास्तीत जास्त काय, तर आपले बारा गुण त्याच्यापासून राखून ठेवता येतात. एका मतदाराने करायच्या नुकसानाला कमाल मर्यादा घातली गेली.

तरीही ग्रीस आणि सायप्रस बहुतेक वेळा एकमेकांना बारा गुण देत आले, इतक्या नेमाने, की जाहीर होण्याआधीच प्रेक्षक हुर्यो करतात. १९९७ पासून आधी पाच आणि मग बहुतेक देशांत फोनवरून जनतेचं मतदान आलं. तेव्हा शेजारधर्म आणखी उघडा पडला. जर्मनीतल्या तुर्की वस्तीची मतं तुर्कस्तानच्या गाण्याला जाऊ लागली. २००९ पासून अंतिम फेरीत निम्मं वजन जाणकार परीक्षकांना परत दिलं गेलं. मग परीक्षकांचीच भानगड निघाली. २०२२ च्या उपांत्य फेरीत सहा देशांच्या परीक्षकमंडळांनी एकमेकांना असे काही वरचे क्रमांक दिले होते, की योगायोग म्हणणं कठीण होतं. आयोजकांनी ते गुण रद्द केले आणि त्यांच्या जागी इतर देशांच्या मतदानावरून काढलेले गुण वापरले. २०२३ मध्ये तर उपांत्य फेरीतून परीक्षकांना वगळूनच टाकलं.

या सगळ्या घडामोडींत एक बदल फारसा गाजला नाही, पण मला तो सर्वांत शहाणपणाचा वाटतो. प्रत्येक देशाच्या मंडळात पाच परीक्षक असत, आणि प्रत्येकजण सगळ्या गाण्यांना पहिल्यापासून शेवटपर्यंत क्रमांक देई. चौघांनी एखादं गाणं वर ठेवलं आणि पाचव्याने मुद्दाम तळाला टाकलं, की त्याचे गुण पार घसरत. २०१८ पासून क्रमांकांचं वजन बदललं. वरच्या क्रमांकांमधलं अंतर मोठं आणि खालच्या क्रमांकांमधलं अगदी किरकोळ. त्यामुळे विसावा क्रमांक दिला काय आणि पंचविसावा दिला काय, फार फरक पडत नाही. पाडणाऱ्याचा हात सूत्राने धरला.

शेजाऱ्याला मत देणं ही दरवेळी कारस्थानाची खूण असते असं मात्र समजू नये. ज्या भाषेत आपण वाढलो, ज्या चालींवर आपले कान तयार झाले, ते गाणं आपल्याला खरोखरच जास्त आवडतं. २००७ च्या ‘इंडियन आयडॉल’मध्ये दार्जिलिंगचा प्रशांत तमांग आणि शिलाँगचा अमित पॉल अंतिम फेरीत आले, तेव्हा दोन्ही गावं मोबाइलच्या संदेशांचा पाऊस पाडत होती. दार्जिलिंगच्या लोकांनी वर्गणी काढून मतं पाठवली. त्यांच्यापुरतं ते गाण्याचंच नव्हे, आपल्या माणसाचं मतदान होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अडचण एवढीच, की त्याला ‘उत्तम गायकाची निवड’ असं नाव दिलं गेलं होतं. २०१६ मध्ये युरोव्हिजनने परीक्षकांचे आणि जनतेचे गुण वेगवेगळे जाहीर करायला सुरुवात केली, तेव्हा हे स्पष्ट दिसलं. परीक्षकांचा पहिला क्रमांक ऑस्ट्रेलियाला, जनतेचा रशियाला, आणि जिंकलं युक्रेन, जे दोन्हींकडे दुसरं होतं.

मराठीतही सहकाऱ्यांच्या मतदानाचं एक ठळक उदाहरण आहे, स्पर्धा नसलं तरी. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष अनेक वर्षं साहित्य संस्थांच्या हजारभर मतदारांतून निवडून येत असे. मग उमेदवाराने पत्रं पाठवायची, फोन करायचे, गाठीभेटी घ्यायच्या. अनेक मोठे लेखक या वाटेला गेलेच नाहीत. २०१८ मध्ये संमेलन भरवणाऱ्या साहित्य महामंडळाने घटना बदलली, निवडणूक थांबवली आणि अध्यक्ष बैठकीतच निवडायचं ठरवलं. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला अरुणा ढेरे अध्यक्ष झाल्या, त्या या नव्या पद्धतीच्या पहिल्या अध्यक्ष. प्रचार थांबला ही चांगलीच गोष्ट झाली. पण बैठकीत कुणी कुणाचं नाव का सुचवलं, हे वाचकांपर्यंत पोचत नाही, आणि ते पोचायला हवं असं मला मनापासून वाटतं.

माणसाच्या प्रामाणिकपणावर विसंबायचं नाही, हे अथेन्सच्या लोकांनी अडीच हजार वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं. डायोनिसस देवाच्या उत्सवात नाटककारांची स्पर्धा होई. शहराच्या दहा गणांतून संभाव्य परीक्षकांची नावं दहा कलशांत टाकत, कलशांना मोहरा लावत आणि ते अक्रोपोलिसवर जपून ठेवत. उत्सवाच्या दिवशी प्रत्येक कलशातून एक नाव निघे. हे दहा जण नाटकं बघून आपापली मतं पुन्हा एका कलशात टाकत, आणि त्यांतली पाचच मतं काढून निकाल लावला जाई. कुणाला लाच द्यायची हे आधी ठाऊक नाही, आणि दिली तरी ते मत मोजलं जाण्याची शक्यता निम्मीच. किंमत अर्थात होतीच. पाच मतांची चिठ्ठी कधी तरी चुकीची पडणार. सोफोक्लीसच्या ‘ईडिपस राजा’ला त्या वर्षी पहिला क्रमांक मिळाला नाही, असं प्राचीन परंपरा सांगते.

आजच्या काळात या विषयावर सगळ्यात कसून काम केलंय ते हौशी संगणक-खेळ बनवणाऱ्यांनी. ‘लुडम डेअर’ ही स्पर्धा २००२ मध्ये सुरू झाली. ४८ तासांत एकट्याने एक खेळ तयार करायचा आणि मग सहभागी लोकांनीच एकमेकांचे खेळ खेळून गुण द्यायचे. खेळ शेकड्यांनी येतात, सगळे कुणीच खेळू शकत नाही. मग ओळखीच्या नावांच्या खेळांवर उड्या पडतात आणि अनोळखी माणसाचा खेळ तसाच पडून राहतो. त्यावर त्यांनी दोन युक्त्या काढल्या. किमान वीस जणांनी गुण दिले नसतील तर त्या खेळाला क्रमांकच नाही. आणि जो इतरांचे खेळ जास्त तपासेल, त्याचा खेळ इतरांना आधी दाखवायचा. म्हणजे परीक्षणाचं कष्टाचं काम करणाऱ्यालाच त्याचा लाभ.

‘इच डॉट आयओ’ या संकेतस्थळावर अशाच स्पर्धांसाठी एक सूत्र वापरतात, ते समजून घेण्यासारखं आहे. तिघा मित्रांनी पाचपैकी पाच दिले की सरासरी पाच, आणि शंभर अनोळखी लोकांनी तपासलेला खेळ ४.३ वर अडकतो, हा अन्याय कसा टाळायचा? त्यांनी ठरवलं, स्पर्धेतल्या खेळांना मिळालेल्या मतसंख्येचा मध्यक काढायचा. ज्याला त्याहून कमी मतं पडली, त्याची मतं भागिले मध्यक, याचं वर्गमूळ काढायचं आणि त्याने सरासरीला गुणायचं. मध्यक १६ मतांचा असेल आणि एखाद्या खेळाला चारच मतं असतील, तर चार भागिले सोळा म्हणजे पाव, त्याचं वर्गमूळ निम्मं. पाचाचे अडीच होतात. २५ मतं मिळवलेल्या खेळाची सरासरी ४ असेल तर ती ४ च राहते. मित्रमंडळींची टोळी यात चालत नाही. पण ज्याचा खेळ कुणी उघडलाच नाही, त्या बिचाऱ्याचं नुकसान दुप्पट होतं, आणि ते मला खटकतं. सगळ्यांकडे सारखी मतं जातील अशी वाटणी आयोजकांनीच आधी केली, तर या सूत्राची गरजच पडणार नाही.

वाटणी करताना कोण कुठल्या क्रमाने समोर येतो, हेही बघायला हवं. ब्रुसेल्सच्या क्वीन एलिझाबेथ पियानो स्पर्धेत बारा अंतिम स्पर्धक सहा संध्याकाळी, रोज दोघे, असे वाजवतात आणि क्रम चिठ्ठ्यांनी ठरतो. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि यान व्हॅन ऊर्स यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं, की उशिरा वाजवणाऱ्यांचे क्रमांक सरासरीने वर लागतात आणि पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांचे खाली. सुरुवातीला परीक्षक बहुधा हात आखडता ठेवतात. रंगमंचावर याला फारसा इलाज नाही. पण कथा, कविता, छायाचित्रं यांत प्रत्येक परीक्षकाला वेगळ्या क्रमाने गठ्ठा देणं अगदी सोपं आहे.

गणितज्ञांनी प्रश्न आणखी नेमका विचारला. असा नियम काढता येईल का, ज्यात माझं मत माझ्या स्वतःच्या जिंकण्यावर कधीच परिणाम करणार नाही? तसं झालं तर खोटं मत द्यायचं कारणच उरत नाही. रॉन होल्झमन आणि अर्वे मुलां यांनी २०१३ मध्ये सिद्ध केलं, की प्रत्येकाने एकेकाचं नाव सुचवायचं अशा निवडणुकीत असा नियम काढला, तर दोन साध्या अपेक्षा एकत्र पुऱ्या होत नाहीत. बाकी सगळ्यांनी ज्याचं नाव सुचवलं तो जिंकलाच पाहिजे, आणि ज्याचं नाव कुणीच सुचवलं नाही तो जिंकता कामा नये. दोन्ही अपेक्षा किती साध्या आहेत! तरीही निःपक्षपातीपणासाठी त्यांपैकी एक सोडावी लागते.

थोडी ढिलाई मान्य केली तर मात्र मार्ग आहे. बारा संघ असतील तर चिठ्ठ्या टाकून सहा-सहाचे दोन गट करायचे. पहिल्या गटाने फक्त दुसऱ्या गटाच्या एकांकिका तपासायच्या, दुसऱ्याने पहिल्या गटाच्या. माझे गुण ज्यांना जातात, त्यांच्याशी माझी या फेरीत स्पर्धाच नाही. धोका एवढाच, की सर्वांत चांगल्या दोन एकांकिका एकाच गटात येतील. म्हणून प्रत्येक गटातून एक न घेता दोन किंवा तीन वर पाठवायच्या आणि अंतिम फेरी बाहेरच्या परीक्षकांकडे द्यायची.

खगोलशास्त्रज्ञ यातून आधीच गेले आहेत. मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळवायचा असेल तर प्रस्ताव पाठवावा लागतो, आणि प्रस्ताव इतके येतात, की तपासणारे पुरत नाहीत. मायकेल मेरिफील्ड आणि डोनाल्ड सारी यांनी २००९ मध्ये सुचवलं, की अर्जदारांनीच एकमेकांचे प्रस्ताव तपासावेत, आणि ज्याचा क्रम बाकीच्यांच्या क्रमाशी जुळेल त्याला थोडा बोनस द्यावा. या बोनसला माझा सक्त विरोध आहे, निदान कलेच्या क्षेत्रात. बहुमताशी जुळवून घेणाऱ्याला बक्षीस दिलं, तर पोगोरेलिच ओळखणारा एकटा कान पहिल्यांदा गप्प होईल. चिलीतल्या अटाकामा वाळवंटातल्या ‘आल्मा’ वेधशाळेने २०२१ मध्ये अर्जदारांनीच एकमेकांना तपासण्याची पद्धत मोठ्या प्रमाणावर अमलात आणली. प्रत्येक अर्जदाराला इतरांचे दहा प्रस्ताव क्रमाने लावावे लागतात आणि प्रत्येकावर लेखी अभिप्राय द्यावा लागतो. तो अभिप्राय प्रस्ताव पाठवणाऱ्याला वाचायला मिळतो.

ही लेखी अभिप्रायाची अट आपल्या एकांकिका स्पर्धांत, छायाचित्र मंडळांत, कथास्पर्धांत उद्यापासून लावता येईल. शून्य लिहायला एक क्षण पुरतो. शून्य का, हे चार ओळींत लिहायला बसलं की हात थबकतो, आणि खरंच कारण असेल तर ते कारण समोरच्या मुलामुलींना पुढच्या वर्षी उपयोगी पडतं. वॉर्साच्या शोपँ स्पर्धेत परीक्षकाचा स्वतःचा शिष्य रंगमंचावर आला, की गुणांच्या रकान्यात आकड्याऐवजी फक्त ‘शिष्य’ अशी खूण होते आणि त्या परीक्षकाचं मत धरलं जात नाही. नंतर तो तक्ता जसाच्या तसा जाहीर होतो, कुणी किती दिले आणि कुठे खूण केली यासकट. आपल्याकडच्या किती करंडकांचे तक्ते बक्षीस समारंभाच्या दुसऱ्या दिवशी नाट्यगृहाच्या फलकावर लागतात?